चाड्यावरची मूठ

येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट नगर जिल्ह्यातल्या एखाद्या जिरायती गावात वाचून दाखवली, तर ऐकणाऱ्यांच्या मनात आधी भक्ती येत नाही, शंका येते. एक माणूस पेरायला निघाला. त्याचे काही बी वाटेवर पडले, ते पाखरांनी टिपले. काही खडकाळ जागी पडले, काही काटेरी झुडपांत, आणि राहिलेले चांगल्या जमिनीत. यावर शेतकरी विचारणार, हा कुठला पेरणारा? आपल्याकडे पाभरीमागे चालणारा चाड्यावर मूठ धरतो ती अशी, की बोटांच्या फटीतून दाणा बेताने सुटावा, नळ्यांतून उतरावा आणि फणांनी काढलेल्या तासांत बरोबर पडावा. बियाण्याला पैसे पडतात. वाटेवर बी सांडणाऱ्याच्या हाती दुसऱ्या दिवशी कोणी चाडे देणार नाही.

गालीलात पाभर नव्हती. तिथला शेतकरी झोळीत बी घेऊन मुठीने फेकत जाई. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की तिकडे आधी बी फेकत आणि मागाहून नांगर घालून ते मातीआड करत, त्यामुळे वाट कुठली आणि रान कुठले हे पेरताना ठरलेलेच नसे. कोकणातल्या भातकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तो राबावर रोपासाठी भात फेकूनच पेरतो. देशावर मात्र समजावून सांगावे लागते. गोष्टीच्या शेवटी येणाऱ्या ‘शंभरपट पिका’चेही तसेच. गहू पिकवणाऱ्या प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये शंभरपट ही चकित करणारी गोष्ट असेल. ज्वारीच्या एका भरल्या कणसात हजारावर दाणे मोजणाऱ्या माणसाला तिचे काय कौतुक?

गोष्ट पोचते ती दुसऱ्याच जागी. खडकाळीतले बी लवकर उगवले, कारण माती खोल नव्हती; आणि ऊन चढल्यावर करपले, कारण मूळ नव्हते. हे वाक्य आले की मुरमाड रानाचा मालक मान डोलावतो. मुरमाची उथळ जमीन लवकर तापते, पहिल्या पावसावर तिथले पीक शेजारच्या काळ्या रानाच्या आधी वर येते, बघणाऱ्याला हेवा वाटतो, आणि आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की तेच पीक माना टाकते. हे निरीक्षण शेतात उभे राहिलेल्या माणसाचे आहे. सुताराच्या मुलाने ते कुठून उचलले असेल ते असो.

महाराष्ट्रातल्या ग्रामीण ख्रिस्ती जीवनावर जे लिहिले जाते त्यात बरेचसे देखाव्याचे असते: माडांच्या रांगा, कौलारू घरे, संध्याकाळची घंटा. त्याला अध्यात्म म्हणायला माझी तयारी नाही. निसर्गरम्य जागी कोणालाही बरे वाटते. खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाला देव भेटतो तो पाहण्यात नव्हे, कामात. आणि काम करणारा जमिनीचा मालक आहे की मजूर, यावर त्याला शुभवर्तमानातली कुठली गोष्ट आपली वाटणार हे बरेचसे ठरते. वसईच्या बागायतदाराचा येशू आणि नगरकडच्या शेतमजुराचा येशू एकच असला तरी दोघांशी तो एकाच भाषेत बोलत नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथूनच १८४२ मध्ये निघाले. सुरुवातीच्या दशकांत बाप्तिस्मा घेणारे थोडे होते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर मात्र गावेच्या गावे नव्हे, तर गावांचे महारवाडे आणि मांगवाडे ख्रिस्ती होऊ लागले. भाकरीसाठी धर्म बदलला असा टोमणा तेव्हाही मारला जाई, आजही मारला जातो. टोमणा मारणाऱ्यांनी उपाशी पोटाला दुसरे काय देऊ केले होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. इथे मुद्दा एवढाच की शेतीच्या दृष्टांतांनी भरलेले हे पुस्तक ज्यांच्या हाती आले, त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर शेत नव्हते. चाड्यावरची मूठ त्यांची, रान दुसऱ्याचे.

म्हणून या मंडळ्यांमध्ये रूथची गोष्ट जशी ऐकली जाते तशी शहरातल्या देवळात ऐकली जात नाही. रूथ ही मवाबी विधवा, परक्या गावात सासूबरोबर आलेली. पोटासाठी ती कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून थोडे मुद्दाम गळू द्या, आणि तिला रागावू नका. मोशेच्या नियमशास्त्रात तर तशी आज्ञाच आहे: शेताच्या कडा पुऱ्या कापू नका, गळालेले उचलू नका, ते गरिबाचे आणि परक्याचे. सरवा म्हणजे काय हे ज्वारीच्या आणि भुईमुगाच्या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. भुईमूग उपटून झाल्यावर राहिलेल्या शेंगा खुरप्याने उकरत बसलेल्या बाया अजून दिसतात. राहुरीकडच्या एका निवृत्त पाळकांशी बोलत होतो. त्यांचे म्हणणे असे की रूथच्या पुस्तकावर प्रवचन असले की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सर्वांत सावध होऊन ऐकतात. बवाज भला होता हे त्यांना पटते, पण एखाद्या बवाजाने सरवा वेचणाऱ्या बाईला हाकलल्याच्या आठवणीही त्यांच्याकडे असतात. आता तर गहू हार्वेस्टरने निघतो. यंत्राच्या मागे सरवा राहतो तो थोडा आणि विखुरलेला. मोशेची आज्ञा पाळायला मालक तयार असला तरी यंत्राला ती ठाऊक नाही.

याच भागात रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी नगरला आणि राहुरीला राहिला. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शाळेत आपण त्यांना ओळखतो, आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारा माणूस निसर्गात देव शोधणार यात नवल नाही. पण टिळकांचे खरे काम माझ्या मते वेगळे आहे. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या अंगणात आणून बसवले. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टाळ-मृदंगाची सवय असलेल्या कानांना पियानोवरची परदेशी चाल म्हणजे साहेबाच्या बंगल्यातला आवाज वाटे. टिळकांची गीते आली आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्याही तोंडी ख्रिस्ताचे नाव खुरपताना बसले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त ती अजून आहेत. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि संसारासाठी वाचतो. ख्रिस्ती झालेल्या दलित माणसांच्या घरात एक सोवळ्यातली बाई हळूहळू कशी माणसाळली, याची नोंद म्हणून ती पुन्हा वाचावीत.

सोवळ्यावरून विहिरीचा विषय येतोच.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. थकलेला, तहानलेला, जवळ पोहरा नाही. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती गोंधळते, कारण यहूदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नाही. शहरी वाचकाला पुढचा ‘जिवंत पाण्या’चा संवाद महत्त्वाचा वाटतो. महारवाड्यातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला त्या आधीचे वाक्य पुरते. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे, पोहरा कोणाचा, दोर कोणाचा, बाईने दुपारी एकटीनेच का यावे, हे सगळे त्याला पाठ आहे. देव स्वतः येऊन तिच्या भांड्यातले पाणी मागतो, ही त्याच्यासाठी विहिरीवरची बातमी होती. महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्याला हात लावला तो २० मार्च १९२७ रोजी. त्याच्या कितीतरी आधीपासून नगर जिल्ह्यातल्या लहानशा खोल्यांमधून ही योहानाची गोष्ट वाचली जात होती. तिने किती विहिरी खुल्या झाल्या? थोड्याच. सवर्ण गावाने ख्रिस्ती झालेल्या महाराला बहुतेक ठिकाणी महारच मानले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे पाणवठ्यावर जात गेली नाही आणि कागदावर ती मिळाली नाही, अशी ही दुहेरी कोंडी. अध्यात्माच्या लेखात हे कशाला, असे कोणाला वाटले तर त्याने चौथा अध्याय पुन्हा वाचावा.

पाणी आणि अध्यात्म वेगळे काढता येत नाही, हे पंडिता रमाबाईंनी ओळखले होते असे मला वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना घेऊन त्या केडगावला गेल्या. माळरानावर विहिरी खणल्या, शेती लावली. त्यांच्या या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना आणि पाणी शेंदणे या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर केले ते अशाच बायांना वाचता यावे म्हणून, आणि ते छापण्याचे कामही तिथल्याच बायांनी केले.

गोव्यात विहिरीशी ख्रिस्ती माणसाचे नाते अगदी निराळे आहे. तिथे २४ जूनला सांजांव असतो, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण. डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून तरुण गावातल्या विहिरींमध्ये उड्या मारतात. मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, ही लूकच्या शुभवर्तमानातली कथा, आणि विहिरीतली उडी तिची आठवण. पंचांग बघा: मृगाचा पाऊस झालेला असतो, विहिरी भरू लागलेल्या असतात, नव्या जावयाला सासुरवाडीचे बोलावणे असते. यात पोटातले बाळ कुठे संपते आणि भरलेली विहीर कुठे सुरू होते हे सांगणे कठीण. मला तरी ते सांगायची गरज वाटत नाही. जिथे पाणी कोणी अडवले नाही तिथे विहिरीत उडी मारता येते. जिथे पोहऱ्यालाही हात लावू दिला नाही तिथे विहिरीपाशी बसलेला तहानलेला देवच लागतो.

सासष्टीत रायच्या गावात ऑगस्टच्या पाच तारखेला कणसांचे फेस्त होते. गोव्यातल्या नव्या पिकाच्या फेस्तांपैकी हे पहिले. धर्मगुरू शेतात जातो, भाताची कणसे विळ्याने कापतो, ती आशीर्वाद देऊन वाटली जातात आणि घरोघर वेदीपाशी किंवा दारावर लावली जातात. पहिले पीक देवाचे, ही कल्पना बायबलच्या जुन्या करारातली आहे आणि ती आपल्या नवान्नाचीही आहे. गोव्यातल्या गावकऱ्याने दोन्हींत भांडण लावून दिले नाही. रायच्या शेजारीच राशोल. तिथेच १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट सासष्टीच्या गावांत राहिला आणि त्याने पुराणाचा घाट आणि ओवी निवडली. ज्या खेड्यांत पुराण ऐकायची सवय होती तिथे त्याने ख्रिस्ताची कथा पुराण म्हणून सांगितली. नाहीतर ती तिथे कोणी बसून ऐकली असती का, याची मला शंका आहे.

आता द्राक्षांकडे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो, आणि सांगतो की फळ देणाऱ्या फांदीला माळी अधिक फळ यावे म्हणून छाटतो. भारतात बऱ्याच ठिकाणी हे वाक्य ऐकीव ज्ञानावर ऐकले जाते. नाशिक जिल्ह्यात आणि नगरच्या संगमनेर-राहाता पट्ट्यात ते रोजच्या धंद्याचे आहे. किंबहुना इथला बागाईतदार यात येशूच्या शिष्यांपेक्षा पुढे आहे. थंड देशांत वेल वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे वेल झोपी जात नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर येतात त्या नुसत्या काड्या आणि पाने, विकायला एक घड नाही. पण पुढच्या हंगामाचे घड त्याच काड्यांच्या डोळ्यांत, उन्हाळ्याच्या त्या दिवसांत, आतल्या आत बनत असतात. तेव्हा ऊन मिळाले नाही, ढग राहिले, खतपाणी चुकले, तर ऑक्टोबरमध्ये कितीही नेमकी छाटणी करा, काडी वांझ निघते. बागेत उभा राहून हे कळलेल्या माणसाला पंधरावा अध्याय वेगळा वाचता येतो. आपण छाटणीला दुःख समजतो आणि लगेच त्याचे फळ विचारतो. इथला माळी सांगेल की एक छाटणी फळासाठी नसतेच, ती काडी तयार करण्यासाठी असते, आणि त्या सहा महिन्यांत वेलाकडे दाखवायला काही नसते. आजारपण, कर्ज, पोराचे अपयश यांवर खेड्यात जी प्रवचने होतात त्यांत ‘देव छाटतो’ हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. दोन छाटण्यांमधला फरक माहीत असलेल्या माणसाने ते उच्चारले तर मी ऐकेन.

पण द्राक्षबागेतही दोन माणसे आहेत. कात्री चालवणारे हात बहुधा मालकाचे नसतात. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात, ठेक्याने छाटणी करतात, हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट डोळ्यांना लावतात, विरळणी करतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली गोष्ट त्यांची आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो, मग नऊ वाजता, बाराला, तीनला आणि सूर्य बुडायच्या तासभर आधीही. संध्याकाळी सगळ्यांना एकच रोज देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. या गोष्टीवर शहरात प्रवचन होते ते देवाच्या कृपेवर. मजूरनाक्यावर उभा राहिलेला माणूस मात्र कुरकुरणाऱ्यांकडे पाहत नाही, पाच वाजता उभ्या असलेल्यांकडे पाहतो. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी नेले नव्हते. म्हातारा, लंगडा, पोटुशी बाई नाक्यावर शेवटी उरतात. त्यांच्या घरची चूल पूर्ण रोजावरच पेटते, अर्ध्यावर नाही, हे ज्या मालकाला कळले तो देवासारखा. येशूने रोजंदारीचे अर्थशास्त्र इतके नेमके सांगितले आहे की त्याला नुसते रूपक म्हणून सोडून देणे मला लबाडीचे वाटते.

पेरणाऱ्याच्या गोष्टीत माझे एक भांडण कित्येक वर्षे होते. चार प्रकारच्या जमिनी, चार प्रकारची माणसे. मग खडकाळीने खडकाळच राहायचे का? याचे एक उत्तर नगर जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर लिहिलेले आहे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि आयुष्यातली सहा दशके त्यांनी इथे काढली. नगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी आधी विहिरी, मोटारी, कर्जे अशी शेतकऱ्यांना मदत केली. पुढे त्यांच्या लक्षात आले की विहीर खोल करून पाणी वाढत नाही, ते डोंगरावर अडवावे लागते. त्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. रीत अशी की गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचे: वर समतल चर आणि झाडे, मग बांध, शेवटी नाल्यावर बंधारे. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यांतले नावाजलेले गाव. टँकरवर जगणाऱ्या अशा गावांत विहिरींना पाणी आले. यातले कोणी ख्रिस्ती व्हावे अशी अट नव्हती, आणि गावे ख्रिस्ती झालीही नाहीत. बाखर २०२१ मध्ये गेले.

खडकाळ जमीन बदलता येते हे शुभवर्तमानातही आहे, फक्त दुसऱ्या गोष्टीत. लूकच्या तेराव्या अध्यायात मालक म्हणतो, तीन वर्षे हे अंजिराचे झाड फळ देत नाही, तोडून टाक. माळी म्हणतो, अजून एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पेरणाऱ्याच्या गोष्टीशेजारी ही गोष्ट ठेवली की माझे भांडण मिटते. एकीत जमीन जशी आहे तशी सांगितली आहे, दुसरीत कुदळ हातात दिली आहे. आपली प्रवचने पहिलीवर जास्त होतात, कारण दुसरीत घाम आहे.

वसईत या सगळ्याचा सूर बदलतो, कारण इथला ख्रिस्ती माणूस वाडीचा मालक आहे. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतले ख्रिस्ती आपापल्या वाड्यांत आणि होड्यांत तसेच राहिले. केळी, पानवेल, फुले, भाजी. पाण्यासाठी विहिरी आणि बावखले, म्हणजे वाडीतली छोटी तळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी आगाशीकडची. निर्मळला एकीकडे होली क्रॉसचे चर्च आहे आणि दुसरीकडे शंकराचार्यांची समाधी, जिची यात्रा कार्तिकात भरते. तिथली सुकेळी घेताना ती कुठल्या धर्माच्या वाडीतली हे कोणी विचारत नाही.

इथल्या वर्षात झावळीचा एक फेरा आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली झावळी घरी येते, तिचा लहानसा क्रूस करून देवाच्या तसबिरीमागे खोचतात. वर्षभरात ती वाळते. पुढच्या राखेच्या बुधवारापूर्वी वाळक्या झावळ्या जाळतात आणि तीच राख कपाळाला लागते. माणूस मातीचा आहे याची ती आठवण. हा बुधवार फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. ठाणे-पालघरच्या भातशेतीत राब भाजायचे दिवस याच सुमाराचे. पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून पेटवायच्या आणि त्या राखेत जूनमध्ये रोप टाकायचे. राखेने शेवट होतो असे चर्च कपाळावर लिहिते, आणि शेतात राखेनेच सुरुवात होते. दोन्ही खरे असल्याचे चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर येणारा पुनरुत्थानाचा सण सांगतो, असे एखाद्या धर्मगुरूने समजावले तर वाडीतल्या माणसाला ते नवीन नसते.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे वाडीतले अध्यात्म सार्वजनिक केले. ‘सुवार्ता’चे संपादक म्हणून त्यांनी ख्रिस्ती मासिकाला मराठी मासिक बनवले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पण वसईकर त्यांना ओळखतो तो ‘हरित वसई’ आंदोलनासाठी. १९८० चे दशक संपता संपता वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, आणि विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. गोड्या पाण्याच्या विहिरी खारट होण्याची भीती होती, आणि बिल्डरांची त्याहून मोठी. दिब्रिटो आणि त्यांचे सर्वधर्मीय सहकारी रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने वेदीवरून पाप-पुण्य सांगावे, पाण्याचे काय बोलायचे, असे म्हणणारे तेव्हा चर्चमध्येही होते. माझ्या मते त्या आंदोलनात वसईच्या चर्चने जितके शुभवर्तमान सांगितले तितके कुठल्याही नोव्हेनात सांगितले नसेल. २०२४ च्या जुलैमध्ये दिब्रिटो गेले. बावखले बुजत आहेत, वाड्यांवर मजले चढत आहेत, आणि त्या विकणाऱ्यांत सगळे परके नाहीत. झावळ्यांच्या रविवारी झावळी विकत आणणाऱ्या घरांची संख्या वाढते आहे. यावर चर्चने मालकांशी बोलायला हवे. मजुरांशी बोलणे सोपे असते.

दिवाळी झाली की नगर, बीड, जालन्याकडचे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको; मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत यायचे नाही. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे त्यांचा नाताळ दरवर्षी उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत येतो. गावातले चर्च पताका लावते तेव्हा गावातली ही माणसे गावात नसतात. ज्या बाळाचा तो सण आहे ते घरापासून लांब, नावनोंदणीच्या सरकारी हुकमापायी केलेल्या प्रवासात, जनावरांच्या गोठ्यात जन्मले होते. आणि कोपीत बाळंत होणाऱ्या बाईला ही कथा कुणी समजावून द्यावी लागत नाही. ज्या पाळकांच्या आणि धर्मगुरूंच्या हद्दीत साखर कारखाना आहे, त्यांनी यंदा २५ डिसेंबरची एक उपासना फडावर न्यावी. पहाटेची नको, पहाटे तोड सुरू होते. संध्याकाळी, गाड्या भरून गेल्यावर. आणि जाताना प्रवचनाच्या आधी मुकादमाशी उचलीचा हिशेब बोलावा.